शॉकअप बदलू का वजन कमी करू?

पत्र असं आहे:

"नमस्कार दादा. मी कराडचा. गाडी २०१६ ची क्लासिक ३५०, ४१ हजार किलोमीटर झालेत. माझं वजन ११२, बायकोचं ६४. महिन्यातून दोनदा सासरवाडीला चिपळूणला जातो, कुंभार्ली घाटातून. डबलसीट असलो की गतिरोधकावर मागून ठक्क आवाज येतो, घाटात डाव्या वळणाला स्टँड घासतो, आणि रात्री लाईट डिपवर असूनसुद्धा समोरचे माझ्यावर डिपर मारतात. मेकॅनिकने मागचे शॉकअप शेवटच्या खाचेत नेऊन ठेवले, तर ठक्क थोडं कमी झालं पण आता एकटा असलो की गतिरोधक उतरताना मागून घोड्यासारखी उडते. एक मित्र म्हणतो गॅसचे शॉकअप टाक, दुसरा म्हणतो पुढे जाड ऑइल घाल, तिसरा म्हणतो स्प्रिंगमध्ये रबर अडकव. बायको म्हणते गाडी बरी आहे, तूच बारीक हो. काय करू? – जाडा बुलेटवाला"

बुलेटवाले राव, आधी वहिनींचं. त्यांचं म्हणणं चूक नाही पण त्याला वेळ लागतो आणि पुढच्या शनिवारी तुम्हाला चिपळूणला जायचंय, त्यामुळे ते बाजूला ठेवू. आणि लाज बिज काही वाटून घेऊ नका, मी स्वतः १०४ किलोचा आहे. कंपन्या साधारण ७०-७५ किलोचा माणूस डोळ्यापुढे ठेवून स्प्रिंग बसवतात, आपण त्यात बसत नाही इतकंच. शर्ट मापाचा घेतो ना आपण, मग स्प्रिंग का दुसऱ्याच्या मापाची वापरायची.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की चार जणांनी चार सल्ले दिले पण टेप घेऊन गाडीजवळ एकही जण गेला नाही. तेव्हा खर्चाचं नंतर. आधी मोजायचं.

मोजायचं काय, तर सॅग. म्हणजे वजन पडल्यावर गाडी किती खाली बसते ते. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक हवेत पाहिजे. ॲक्सलच्या नटापासून सरळ वर मडगार्डवर किंवा सीटखालच्या पाइपावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि दोघातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. हा पहिला आकडा. मग गाडी स्टँडवरून उतरवून दोन चाकांवर सरळ उभी धरा, कुणी बसायचं नाही, परत मोजा. हा दुसरा. मग तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर, एकजण समोरून हँडल धरेल आणि दुसरा मोजेल, हा तिसरा. वहिनी मागे बसल्या की चौथा. प्रत्येक वेळी गाडी एकदा दाबून हळू सोडायची आणि मोजायचं, मग एकदा उचलून हळू सोडायची आणि मोजायचं, आणि दोन्हीचा मध्य घ्यायचा, कारण सील आणि बुशचं घर्षण असतं, गाडी दरवेळी तंतोतंत एकाच जागी थांबत नाही.

आता तुमच्या मॉडेलला मागचा ट्रॅव्हल ८० मिमी आहे. म्हणजे चाकाला वर जायला सगळी मिळून आठ सेंटीमीटर जागा, यातच काय ते करायचं. माणूस बसल्यावर साधारण ३० टक्के, म्हणजे २४-२५ मिमी गाडी खाली बसली तर उत्तम. रिकामी गाडी स्वतःच्या वजनानं ५ ते १० मिमी बसली पाहिजे. हा दुसरा आकडा लोक सोडून देतात आणि खरी गोष्ट तिथंच कळते.

कशी ते सांगतो. खाचा फिरवल्या की स्प्रिंग कडक होते असं सगळ्यांना वाटतं. होत नाही. स्प्रिंग तीच, तार तीच, वेटोळी तेवढीच, तुम्ही फक्त ती बसवतानाच थोडी दाबून ठेवता. त्याला प्रीलोड म्हणतात. त्यानं गाडी उंच उभी राहते, पण पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला पूर्वीइतकंच वजन लागतं. म्हणून शेवटच्या खाचेत तुमचं बसल्यावरचं माप कदाचित बरोबर येईल, पण रिकामी गाडी किती बसते ते बघा. ती जर अजिबात बसत नसेल, शून्य, तर समजायचं की स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि प्रीलोडनं नुसता देखावा उभा केलाय. तुम्ही म्हणता एकटा असताना उडते, त्याचं एक कारण हेच. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, गतिरोधक उतरला की शॉकअप पूर्ण उघडून आपटतो. दुसरं कारण त्यातलं तेल, त्याच्याकडे येतोच.

आता एक गावठी प्रयोग, मला फार आवडतो. तांदळाचं ५० किलोचं पोतं घ्या, किंवा २५ ची दोन, आणि गाडीच्या मागच्या बाजूला बरोबर ॲक्सलच्या वर ठेवा. ठेवायच्या आधी मोजा, ठेवल्यावर मोजा. आधी खाचा पहिल्यावर आणा आणि एकजण गाडीवर हलकं बसलेला असू द्या म्हणजे स्प्रिंग कामाला लागलेली असेल. समजा पोत्यानं १८ मिमी खाली गेली. ५० भागिले १८, म्हणजे एका मिलिमीटरला पावणेतीन किलोच्या आसपास. झालं, तुमच्या मागच्या चाकाची खरी ताकद घरबसल्या कळली, कुणाच्या मशीनवर जायची गरज नाही. (तांदूळ परत डब्यात भरताना घरचे काय बोलतील त्याची जबाबदारी माझी नाही.)

मागच्या चाकावर किती वजन पडतं ते पण अंदाजानं नको. भंगारवाल्याकडे किंवा धान्याच्या व्यापाऱ्याकडे जमिनीवरचा मोठा काटा असतो, त्याच्यावर मागचं चाक चढवा, पुढच्या चाकाखाली काट्याइतक्याच उंचीची फळी ठेवा नाहीतर आकडा चुकेल, आणि रिकामी, एकटे, डबलसीट असं तीनदा बघा. तुमच्या वजनातला ६० टक्क्यांच्या आसपास भाग मागे जातो, आणि मागे बसणाऱ्याचा जवळजवळ सगळाच. त्यामुळेच डबलसीटला एवढा फरक पडतो.

हिशोब करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. ७५ किलोच्या माणसाला जी गाडी २४ मिमी बसते तिच्यावर तुम्ही ३७ किलो जास्तीचे, त्यातले मागे २२ धरा. वहिनींचे ५८ धरा, बॅगेचे १०. झाले ९० किलो जास्तीचे, पावणेतीननं भागलं की जवळपास ३२-३३ मिमी. आधीचे २४ मिळवा, ५७. ऐंशीपैकी ५७ तुम्ही कराड सोडायच्या आधीच खाऊन टाकले, उरले २३, आणि समोर पाटणच्या रस्त्याचे गतिरोधक. ठक्क होणार नाही तर काय होईल. खाचा फिरवून पहिलीपासून शेवटपर्यंत स्प्रिंग किती दाबली जाते ते पट्टी लावून बघा, साधारण सेंटीमीटरभरच असते. म्हणजे ५७ चे ४७ होतील, तरी निम्म्याच्या वरच.

स्टँड घासतो आणि लाईट वर जाते तेही यातूनच. मागून गाडी बसली की स्टँड जमिनीजवळ येतो, हेडलाईटचं तोंड वर होतं, पुढचा फोर्क (म्हणजे पुढचे शॉकअप) जास्त तिरका होतो, पुढचं चाक हलकं पडतं, वळणात गाडी आत यायच्या ऐवजी बाहेर बाहेर जाते. घाट चढताना डबलसीट हे जास्त जाणवतं कारण वजन अजून मागे सरकतं. तुम्ही ते पत्रात लिहिलं नाही पण मी पैज लावतो की कुंभार्लीच्या वळणांना तुम्हाला हँडल जरा दाबून धरावं लागतं. गाडी बसलेली असते म्हणून ते असतं, तुमच्या चालवण्यात दोष नाही.

आता ४१ हजार किलोमीटर. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं राव. शॉकअपमध्ये दोन वेगळी माणसं काम करतात असं समजा. स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं तेल तिचं उसळणं आवरतं. तेल गेलं की स्प्रिंग एकटी पडते. सीटवर हाताचा जोर टाकून गाडी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर तेल गेलं. दांडीवर चिकट काळा थर, धूळ बसलेली दिसली तर सील गेलं. २०१६ चे ओरिजिनल शॉकअप, एवढं वजन, आपले रस्ते, माझा अंदाज की ते संपलेत आणि घोड्यासारखी उडण्यात अर्धा हात त्यांचाच आहे. तसं असेल तर खाचा फिरवत बसण्यात अर्थ नाही, बदलायलाच लागतील.

मग बदलायचे तर कोणते. तुमचा मित्र गॅसचे म्हणाला. गॅस वजन उचलत नाही हो! त्या बाजूच्या डबीत नायट्रोजन भरलेला असतो तो तेलावर दाब ठेवतो म्हणजे खराब रस्त्यावर तेल तापून त्याचा फेस होत नाही. चांगली गोष्ट आहे, घाटात उपयोग आहे, पण ११२ किलो उचलायचे ते स्प्रिंगलाच. आणि गंमत म्हणजे तुमच्या ओरिजिनलमध्येसुद्धा गॅस आहेच, ब्रोशरमध्ये कंपनीनं तसंच लिहिलंय. डबी सोनेरी आहे का लाल यावर जाऊ नका, दुकानात पहिला प्रश्न एकच विचारायचा, स्प्रिंग किती किलोच्या माणसासाठी आहे. उत्तर आलं की "सगळ्यांना चालते", तर दुकानातून बाहेर.

हे मी अनुभवावरून बोलतोय. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून महागातले शॉकअप घेतले, स्टॉकपेक्षा, म्हणजे कंपनीच्या ओरिजिनलपेक्षा, एक इंच लांब, दुकानदार म्हणाला गाडी वर राहील, घासणार नाही. गाडी वर राहिली खरी. पण डबल स्टँडवर लावली की मागचं चाक जमिनीलाच टेकायला लागलं, साइड स्टँडवर गाडी इतकी कलायची की पार्किंगमध्ये लोक हात लावून बघायचे पडते का, आणि चेन चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दांड्यांना) घासायला लागली. आणि ठक्क? ते होतंच, कारण स्प्रिंग ७० किलोवाल्याचीच होती, फक्त लांब. तेव्हा लांबी स्टॉकएवढीच ठेवा आणि पैसे स्प्रिंगवर घाला.

किती कडक घ्यायची? इथे लोक घाईत चूक करतात, डबलसीटचा सगळा हिशोब लावून एकदम दीडपट कडक घेतात आणि मग रोज ऑफिसला एकटे जाताना बैलगाडीत बसल्यासारखं होतं. तुम्ही महिन्यातून दोनदा डबलसीट, बाकी दिवस एकटे. मग स्प्रिंग एकट्याच्या हिशोबानं घ्या आणि डबलसीटला प्रीलोड वाढवा, त्यासाठीच तो असतो. स्टॉकच्या हिशोबातला माणूस आणि गाडीचा मागचा भाग मिळून स्प्रिंगवर समजा ११५ किलो येतात, तुमचे १३७ येतात, म्हणजे साधारण २० टक्के जास्त. २० ते २५ टक्के कडक स्प्रिंग मागा. वायएसएस सारख्या शॉकअप कंपन्यांच्या काही मॉडेलना वजन सांगून स्प्रिंग निवडता येते, ओलिन्सची पण तशीच पद्धत आहे पण तिथे किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल. कुणाचेही घ्या, वजन सांगताना घरातल्या काट्यावरचं सांगू नका, हेल्मेट-बूट-जॅकेटसकट सांगा, सहा-सात किलो तिथेच वाढतात.

आणि हो, नुसती स्प्रिंग बघून "ही जाड दिसते" म्हणून घेऊ नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तार फक्त १० टक्के जाड असेल तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. एवढा फरक डोळ्यांना कळतच नाही. शिवाय कडक स्प्रिंग म्हणजे उसळणं पण जोरात, ते आवरणारं तेलपण तसं पाहिजे, म्हणून जुन्या संपलेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवायचा जुगाड करू नका. उडायची ती अजून उडेल.

रबरवाल्या मित्राला माझा नमस्कार सांगा. वेटोळ्यांमध्ये रबर अडकवलं की तिथली दोन वेटोळी काम करायची बंद होतात, उरलेल्यांवर सगळा ताण येतो, स्प्रिंग कडक लागते खरी पण एकाच जागी मार खाऊन ती तिथेच तुटायची भीती. आणि दोन बाजूंची रबरं सारखी बसत नाहीत, म्हणजे एक बाजू कडक एक मऊ. घाटात हे नको.

त्यावरून आठवलं, आत्ताच जाऊन दोन्ही बाजूच्या खाचा बघा. डावा चौथ्यावर आणि उजवा पाचव्यावर अशा गाड्या मी इतक्या बघितल्यात की काय सांगू. दोन्ही सारखेच पाहिजेत. फिरवताना गाडी डबल स्टँडवर, चाक हवेत, आणि सी-पाना वापरा. स्क्रू-ड्रायव्हर लावून हातोडीनं ठोकायचं नाही, निसटला की बोट जातं.

पुढचं थोडक्यात. पुढे ट्रॅव्हल १३० मिमी आहे, ३५-४० मिमी बसली तर ठीक, मोजायची पद्धत तीच. फोर्कच्या नळीवर एक झिप टाय सैलसर बांधा, खालपर्यंत सरकवा आणि नेहमीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून या. टाय जिथे वर जाऊन थांबला तिथपर्यंत फोर्क दाबला गेला. पूर्ण टोकाला गेला असेल तर गाडी पुढेसुद्धा मऊ आहे. जाड ऑइल हा त्यावरचा इलाज नाही, कारण जाड तेलानं गाडी एक मिलिमीटरही वर उभी राहत नाही, तेल वजन धरत नाही. या जुन्या पद्धतीच्या फोर्कमध्ये तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, चाक जितक्या जोरात आपटेल तितका अडथळा कितीतरी पटीनं वाढतो, म्हणून जाड तेलानं खड्ड्याचा हिसका थेट मनगटात येतो. ४१ हजारात एकदाही फोर्क ऑइल बदललं नसेल (नसेलच) तर कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं नवीन भरा, सील बघा, आणि गाडी फारच बसत असेल तर चांगल्या मेकॅनिककडून स्प्रिंगवर १०-१५ मिमीचा स्पेसर (स्प्रिंग दाबून ठेवणारा तुकडा) टाकून घ्या. हँडल हलवून कोनसेट (हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग) ढिला नाही ना तेही बघून घ्या, कारण ढिला कोनसेट आणि खराब फोर्क चालवताना सारखेच वाटतात आणि माणूस भलत्याच गोष्टीवर पैसे घालतो.

टायर. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतो, त्यावर एकट्याची हवा वेगळी आणि डबलसीटची वेगळी लिहिलेली असते, आपल्याकडे तो स्टिकर वाचायला कुणाला सवड नाही. डबलसीटची हवा भरा, सकाळी गार टायरला, पंपावर १० किलोमीटर पळून गेल्यावर नाही. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, ६२ असेल तर तो टायर २६५ किलो पेलतो, ५८ असेल तर २३६. काट्यावरचा डबलसीटचा आकडा याच्याशी ताडून बघा. मॅन्युअलमध्ये गाडीवर एकूण किती वजन टाकायचं तेही लिहिलेलं असतं, तुम्ही दोघं आणि बॅग मिळून १८६ किलो होता, हेल्मेट वगैरे धरून अजून जास्त, तेव्हा ते पान एकदा उघडाच आणि मर्यादेच्या पुढे जात असाल तर बॅग कमी करा, तिथे कुठलाही शॉकअप मदत करत नाही. मागच्या चाकाचे स्पोकही एकेक वाजवून बघा, ढिला असेल त्याचा आवाज बसका येतो.

नवीन शॉकअप बसले की पहिली खाच, तुम्ही बसा, मोजा. २५ च्या आसपास येईपर्यंत एकेक खाच वाढवा आणि तो नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मग वहिनींना बसवा आणि परत करा, तो दुसरा नंबर. डबलसीटला २५ येणार नाही, ३५ च्या आत आला तरी मी खूश. चेनचा ढिलेपणा पण डबलसीट बसून बघा, कारण चिमटा वर आला की चेन ताणली जाते आणि रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन वजनाखाली कधी कधी तारेसारखी ताठ होते.

लाईट सगळ्यात शेवटी. संध्याकाळी वहिनींना मागे बसवून गाडी भिंतीसमोर उभी करा आणि डिपचा उजेड हेडलाईटच्या उंचीच्या खाली पडेल असा स्क्रू फिरवा. आधी केलंत तर शॉकअप बसल्यावर परत करावं लागेल. तोपर्यंत पुढच्या शनिवारी जायचंच असेल तर शेवटच्या खाचेतच जा, टायरमध्ये डबलसीटची हवा, बॅग एसटीनं पाठवा नाहीतर मेव्हण्याला न्यायला सांगा, आणि दिवसाउजेडी घाट उतरा.